न विकायचं घर

त्या काळी लातुरात ज्यानं कुणी घर बांधलं, त्याच्या घरातली निदान एक वस्तू तरी आधी मन्मथप्पांच्या घराची भिंत होती. कुणाची चौकट अप्पांच्या माजघरातून चालत आलेली, कुणाची फरशी त्यांच्या देवघरातून, तर कुणाच्या गोठ्याचे पत्रे थेट त्यांच्या मोरीतून. मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. मी पाट्या रंगवणारा माणूस. अक्षर हातभर काढल्याशिवाय रस्त्यापलीकडून वाचता येत नाही, हे तिला इतक्या वर्षांत पटलेलं नाही.

माझी पेंटिंगची खोली आणि अप्पांचं दुकान समोरासमोर. दुकानात घराला लागतं ते सगळं मिळायचं: चुना, सिमेंट, शहाबादी फरशी, मंगळुरी कौलं, सागवानी चौकटी, पत्रे, खिळे, कड्या-कोयंडे. दुकान तीन पिढ्यांचं. निजामाच्या राज्यात अप्पांचे आजोबा, म्हणजे थोरले अप्पा, बिदरकडून गाढवांच्या पाठीवर कळीचा चुना लादून निघाले. मांजरा ओलांडताना एक गाढव घसरलं, चुना पाण्यात सांडला आणि नदीच उकळायला लागली. काठच्या गावांत म्हणे कितीतरी दिवस कुणी अंघोळीच्या पाण्याला चूल पेटवली नाही. हे मी नाही, मन्मथप्पा सांगायचे. उरलेला चुना थोरल्यांनी लातुरात खपवला आणि इथंच राहिले. त्यांच्या मुलानं चुन्याला लाकूड आणि कौलं जोडली, नातवानं, म्हणजे मन्मथप्पांनी, सिमेंट जोडलं. अर्ध्या गावाच्या डोक्यावर ह्या तिघांनी छप्पर घातलं. स्वतः मात्र तिन्ही पिढ्या दुकानामागच्या मोकळ्या वखारीत, मालाच्या आडोशाला राहिल्या.

त्याला कारण थोरल्यांचा नियम. माल उभा ठेवायचा, आडवा नाही. फरशी उभी, चौकट उभी, वासे उभे, कौलंसुद्धा कडेवर उभी, पंगतीला वाढायला निघाल्यासारखी. सिमेंटची पोती तेवढी अप्पा पाहुण्यांसारखी भिंतीला टेकवून बसवायचे. "बसलेलं चालतंय," म्हणायचे.

मी एकदा विचारलं, "का हो अप्पा, आडवं ठेवलं तर काय होतंय?"

"आडवं पडलं की माल झोपतो, पेंटर."

"झोपू द्या की."

"आन मग इकायचं कसं? झोपलेल्याला उठवून इकू नये, थोरल्याची शपथ हाय. उभा माल गिऱ्हाइकाकडं बघतो. कधी नीट बघ चौकटीकडं, नजरेला नजर देती."

मी बघितलं. आणि खोटं कशाला बोलू, एका बाभळीच्या चौकटीनं मला डोळा मारला.

तर असा उभा माल चहूबाजूंनी रचला की त्याच्या आपोआप खोल्या व्हायच्या. फरश्यांची एक रांग म्हणजे स्वयंपाकघराची भिंत, पत्र्यांचा आडोसा म्हणजे मोरी, कौलांच्या उतरंडीमागं देवघर. गिऱ्हाईक आलं की भिंत जायची. सकाळी स्वयंपाकघरात जेवायला बसलेला माणूस भाकरी संपेस्तोवर रस्त्यावर बसलेला असायचा. जाणारे-येणारे विचारायचे, "काय अप्पा, आज रस्त्यावरच पंगत काय?" अप्पा घास थांबवून सांगायचे, "फरशी चालती झाली." विकली, खपली, गेली, हे शब्द त्यांच्या तोंडात नव्हते. माल चालता व्हायचा.

दिसायला अप्पा उंच आणि काटकुळे, वाशासारखे. धोतर, कोपरी, डोक्याला टोपी, कपाळाला विभूती, कोपरापर्यंत चुना. विभूती कुठं संपते आणि चुना कुठं सुरू होतो, हे त्यांच्या गुरूलाही सांगता आलं नसतं. फरशी घ्यायला माणूस आला की अप्पा बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. ऐकून झालं की डोळे मिटून मान हलवायचे. आतून काय उत्तर यायचं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बोलणं कमी, आवाज हळू, आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच: "जिल्हा झाला की."

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूरचा वेगळा जिल्हा व्हावा ही बोलणी चहाच्या टपऱ्यांवर किती वर्षं चालू होती कोण जाणे. पण बाकीचे लोक बोलायचे आणि चहा संपला की घरी जायचे. अप्पा त्या जिल्ह्यात राहायलाच गेले होते. रस्त्याचा खड्डा बुजंल का? जिल्हा झाला की. काशिनाथाचं लग्न? जिल्हा झाला की. काशिनाथ म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा; जिल्ह्याची वाट बघून बघून त्यानं शेवटी स्वतःच मुलगी बघून घेतली.

पण हे उत्तर अप्पांनी पहिल्यांदा दिलं ते बायकोला. सुगलाक्का मुखेडच्या. माहेर खात्यापित्या घरचं, चिरेबंदी नसलं तरी जाड मातीच्या भिंतींचं. लग्न होऊन लातुरात आल्या आणि पहिल्याच सकाळी मोरीत अंघोळीला बसल्या. मोरी पत्र्यांची. तेवढ्यात औशाकडचं गिऱ्हाईक आलं. मी तेव्हा तिथं नव्हतो, पण ही गोष्ट इतक्या वेळा सांगितलीय की आता होतो असंच म्हणतो. सासऱ्यांनी सवयीनं पत्र्याला हात घातला. आतून नव्या नवरीचा आवाज आला:

"अवो, कुनी हाय का? भिंत चालली माझी!"

बाहेरून नवरदेव म्हणाले, "एकच पत्रा पायजे गिऱ्हाइकाला."

"मग गिऱ्हाइकाला तिकडं तोंड करायला सांगा! आन आधी लुगडं द्या, पत्रा मागनं न्या!"

सासरे शिव शिव म्हणत दुकानात पळाले. गिऱ्हाईक तर पत्रा न घेताच औशाला पोचलं, आणि पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या घराण्यात पत्र्याचं नाव कुणी काढलं नाही. त्या संध्याकाळी अक्का आपल्या माहेरच्या पेटीवर बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मुखेडला आमच्या म्हशीला बी चार भिंती हायत, आन त्या कुनी इकत न्हाई. मला राजवाडा नगं. मला न इकायचं घर पायजे."

अप्पांनी विचार केला. मग हळूच म्हणाले, "बांधू की. जिल्हा झाला की."

अक्कांनी ते खरं मानलं. अक्कांचं एक होतं, त्या शब्द विसरत नसत आणि मागतही नसत. पेटी बांधलेलीच ठेवायच्या. भिंत हलली की पेटी उचलून पुढच्या भिंतीपाशी. मुलगा झाला तो कौलांच्या आडोशाला, आणि सव्वा महिना व्हायच्या आत कौलं उदगीरला चालती झाली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या दुष्काळाचं वर्णन मी करणार नाही. केलं तर मी पहिल्यांदाच कमी सांगितलं असं होईल. विहिरीत दगड टाकला तर आवाज दुसऱ्या दिवशी यायचा, एवढं पुरे. बांधकामं सगळी थांबली. चुन्याला पाणी लागतं, सिमेंटला पाणी लागतं, बांधलेल्या भिंतीलाही पाणी मारावं लागतं. "माणसाच्या घशाला न्हाई तिथं भिंतीला कोन पाजंल?" अप्पा म्हणायचे. दुकानात गिऱ्हाईक येईना. काशिनाथ म्हणाला, दुकान बंद करू, नांदेडला जाऊ, तिथं गोदावरी तरी आहे. अप्पा म्हणाले... काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे.

अशातच एक दिवस गावाबाहेरच्या माळावर सरकारी जीप येऊन थांबली. दोन माणसं उतरली आणि साखळीनं जमीन मोजायला लागली. अप्पा उन्हातून तिथवर चालत गेले. त्यातल्या ओव्हरसियरला घरातलं होतं नव्हतं ते पाणी पाजलं आणि विचारलं, "काय मोजून राहिलाव सायेब?"

"काम निघालंय."

"कुनाचं?"

"सरकारचं."

"मोठं हाय का?"

ओव्हरसियर उन्हानं मेटाकुटीला आला होता. तो म्हणाला, "लई मोठं."

अप्पांना एवढं बस झालं. माळावर सरकारचं लई मोठं काम म्हणजे कलेक्टरची कचेरी, आणि कचेरी म्हणजे जिल्हा. तिथून ते तडक माझ्याकडं आले. दुकानाच्या पाटीवर 'जि. उस्मानाबाद' असं मीच रंगवलेलं होतं.

"उस्मानाबाद पूस."

"पुसून काय लिहू?"

"लिहू नको. जागा सोड. येलालाय जिल्हा."

मी 'जि.' ठेवलं आणि पुढं जागा सोडली. लोकांना वाटलं पेंटरचा रंग संपला.

आणि मग माल यायला लागला. दुष्काळात, जेव्हा अख्ख्या मराठवाड्यात एक वीट दुसऱ्या विटेवर बसत नव्हती, तेव्हा किनवटकडून सागवान आलं, शहाबादहून फरशी आली, कौलांच्या गाड्या आल्या. सुतारांना कामं नव्हती. अप्पांनी त्यांना वखारीत बसवून कलेक्टरच्या मापाचे दरवाजे करून घेतले. कलेक्टरचं माप त्यांनी कुठून काढलं विचाराल तर मनातून. कलेक्टर म्हणजे सहा फूट, त्यावर हॅट, हॅटवर शिपायानं धरलेली छत्री. एवढं सगळं न वाकता आत गेलं पाहिजे. ते दरवाजे इतके उंच झाले की वरच्या कडीला कबुतरांनी घरटी केली आणि ती कबुतरं खाली उतरायला तयार होईनात.

दरवाजे तयार झाल्यावर कळलं की माळावर निघालंय ते पाझर तलावाचं काम. दुष्काळी काम. माती खणायची आणि खडी फोडायची.

गाव हसलं. दुष्काळात गावाला हसायला काहीतरी लागतंच. बाजारात कुणीही थांबवायचं, "अप्पा, आला का कलेक्टर?"

अप्पा शांतपणे म्हणायचे, "निघालाय. रस्ता खराब हाय."

तो सगळा माल वखारीत उभा राहिला. गिऱ्हाईक नाही, म्हणजे भिंत हलायचं कारण नाही. महिन्यामागून महिने गेले आणि वखारीत, उघड्या आभाळाखाली, एक घर तयार झालं. असलं घर मी आधी पाहिलं नव्हतं आणि पुढं पाहणार नाही. फरश्यांच्या काळ्या गार भिंती. एकामागं एक उभे केलेले ते उंच दरवाजे, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा दिसायचा, आणि शेवटच्या दारापाशी उभ्या असलेल्या अक्का बोटाएवढ्या दिसायच्या. सकाळी ऊन पहिल्या दारातून शिरायचं आणि एकेक उंबरा ओलांडत सावकाश आत जायचं, पाहुणा चपला काढून जातो तसं. वारा सुटला की सगळ्या खिडक्या एकामागून एक उघडायच्या आणि उलट्या ओळीनं मिटायच्या. घर श्वास घेतंय असं वाटायचं. छप्पर तेवढं नव्हतं. छपराला आढं लागतं, आढं आडवं असतं, आणि थोरल्यांचा नियम मोडायचा नव्हता. पण पाऊसच नव्हता, तर छपराचं कुणाचं अडलं होतं?

अक्कांनी पेटी सोडली. लग्नानंतर पहिल्यांदा. आतलं एकेक बाहेर काढून कोनाड्यात मांडलं. खोल्यांना नावं दिली: ही पाहुण्यांची, ही काशिनाथाची, ही मुखेडची. मुखेडच्या खोलीत कुणी राहत नव्हतं. अक्का दुपारी तिथं नुसत्या जाऊन बसायच्या. मी एकदा म्हणालो, "अक्का, राजवाडा झाला की!"

"हाव," त्या म्हणाल्या. "इकत न्हाईत तंवर माझाच हाय."

गाव घर बघायला यायला लागलं. आधी चेष्टेनं, मग तशीच सवय लागली म्हणून. खडी फोडून परतणारी माणसं अंगावरची धूळ झटकून त्या थंड भिंतींना पाठ टेकायची. एका बाईनं आपलं लेकरू फरशीच्या सावलीत निजवलं आणि घाबरून अप्पांकडं बघितलं, कारण आडवं ठेवायचं नाही हे गावाला ठाऊक होतं.

"असू दे," अप्पा म्हणाले. "लेकराला चालतंय. त्याला कुठं इकायचंय?"

अप्पा प्रत्येकाला एक खोली दाखवायचे. "ह्या बाजूला बसा. ही तुमची ओसरी." कुडाच्या झोपडीत राहणारा माणूस तासभर ओसरीवर बसून जायचा आणि जाताना मागं वळून दार लोटून घ्यायचा.

शाळेचे एक गुरुजी होते, भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेले. त्यांना एक खिडकी आवडली. ते रोज संध्याकाळी यायचे आणि त्या खिडकीशी बसायचे. पलीकडं काय, तर पोती. पण गुरुजी म्हणायचे, "आमच्या घरी ह्या खिडकीबाहेर लिंब असेल, अप्पा."

अप्पा खिडकीतून वाकून बघायचे. बराच वेळ बघायचे. "लई फुललाय की औंदा," म्हणायचे.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या पावसाविना गेलेल्या वर्षात संध्याकाळच्या वेळी अप्पांच्या वखारीत लिंबाच्या फुलांचा वास यायचा. मी स्वतः घेतलाय.

दुष्काळ सरला. पाऊस आला तेव्हा अक्कांनी एका हातात छत्री धरून स्वयंपाक केला, मग ताडपत्री आली. लोकांनी पुन्हा घरं बांधायला घेतली. चुना, सिमेंट, खिळे चालते व्हायला लागले. पण कलेक्टरच्या मापाचा माल कुणाच्या मापाचा नव्हता. त्या उंचीचा दरवाजा लावायचा तर घर देवळाएवढं बांधावं लागलं असतं. तेव्हा राजवाडा तसाच राहिला. वर्षं गेली. अप्पांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, की चुना होता, कोण जाणे. "आला का कलेक्टर?" "निघालाय."

आणि एक दिवस तो खरंच पोचला. लातूर जिल्हा झाला. गावात फटाके, गुलाल, जिलेबीच्या कढया. मी ब्रश घेऊन पळत रस्ता ओलांडला, शिडी लावली आणि पाटीवरच्या त्या रिकाम्या जागेत 'लातूर' लिहिलं. इतक्या वर्षांनी रंग तिथं असा चिकटला की पाटी सुटली तरी अक्षर भिंतीवर राहील. लोक हार घेऊन अप्पांकडं आले. ज्यांनी चेष्टा केली होती तेच पुढं होते. त्यांना वाटलं, जिल्हा अप्पांनीच आणला.

अप्पा गल्ल्यावर बसून होते. हार गळ्यात, चेहरा उतरलेला. कारण मागच्या दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एवढंच म्हटलं:

"झाला की जिल्हा."

आणि आत गेल्या.

पुढच्या दिवसांत लातुरात जो येईल तो बांधत होता. कचेऱ्या, दुकानं, लॉज, क्वार्टर्स. अप्पांचं म्हणणं शब्दशः खरं झालं. उंच दरवाजांना आता मागणी आली, ज्याला त्याला कलेक्टरसारखं दार हवं झालं. पहिल्यांदा आले गुरुजी. निवृत्त झाले होते, गावाबाहेर चार खणांचं घर बांधत होते. खिडकीपाशी उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "अक्का, नेऊ का?"

"न्या की," अक्का म्हणाल्या. "झाड तेवढं हितं ठेवून जावा."

मग पाहुण्यांची खोली चालती झाली. मग काशिनाथाची. एकामागं एक दरवाजे रस्त्याला लागले, आणि ऊन आता उंबरे न ओलांडता एकदम आत घुसायचं. घर तीन खोल्यांवर आलं. एके दुपारी मी गेलो तर अक्का कोनाड्यातलं एकेक उचलून पेटीत भरत होत्या. अप्पा लांबून बघत होते. मला पाहिलं आणि त्यांनी तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात नांदेडचा गुत्तेदार आला. सरकारी इमारतींची कामं घेणारा, दांडगा, हसतमुख, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला माणूस. त्याला एका विश्रामगृहासाठी उंच दरवाजे, फरश्या, सागवान, सगळं हवं होतं. काशिनाथ त्याला घेऊन वखारीत आला, मागं मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण रस्त्यापलीकडून असल्या गोष्टी नीट दिसत नाहीत.

"वा अप्पा," गुत्तेदार म्हणाला, "असलं सागवान आता हुडकून मिळत न्हाई. उचलतो सगळं. उद्या ट्रक लावतो."

काशिनाथाचा चेहरा फुलला. अप्पा ज्या दिवसासाठी इतकी वर्षं थांबले, तो हाच दिवस. अक्का पेटीवर बसून होत्या. पेटीला कडी लागलेली.

अप्पा फरशीच्या भिंतीपाशी गेले. पेरानं टकटक केलं. कान लावला. मग म्हणाले, "ह्यो माल न्हाई. घर हाय."

"अप्पा!" काशिनाथ ओरडला.

गुत्तेदार हसला. "अहो अप्पा, मी जन्मभर घरं बांधून राहिलो. छप्पर न्हाई, त्याला घर कसं म्हणावं? उभा माल हाय ह्यो. तुमचाच नियम सांगालोय तुम्हाला."

अप्पा थोडा वेळ उभेच राहिले, त्यांच्या मालासारखे. मग कोपऱ्यात तीन पिढ्या उभ्या असलेल्या वाशांतला सगळ्यात लांब, थोरल्यांच्या वेळचा वासा त्यांनी कवेत घेतला. त्यांच्यानं तो हलेना. वळून गुत्तेदाराला म्हणाले, "जरा तिकडनं धरा की."

धरा म्हटलं की धरायचं, ही बांधकामवाल्या माणसाच्या हाताची सवय. गुत्तेदारानं धरला. काय चाललंय हे त्याला कळेपर्यंत वाशाचं एक टोक भिंतीवर चढलं होतं आणि दुसरं त्याच्या खांद्यावर होतं. "वर घ्या," अप्पा म्हणाले. त्यानं वर घेतला. वासा आढ्यासारखा दोन भिंतींवर आडवा झाला. वखारीतली कबुतरं एकदम उडाली. त्या दुकानात त्या दिवशी पहिल्यांदा माल आडवा झाला होता.

अप्पांनी चुन्याच्या घमेल्यातून मूठभर चुना घेऊन वाशाच्या टोकाखाली थापला. आवाज असा हळू काढला, जसा लेकरू निजलेल्या खोलीत काढतात.

"झोपला," ते म्हणाले. "आता उठवू नगा."

गुत्तेदारानं आपल्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर पडलेला चुना बघितला, वाशाकडं बघितलं, आणि त्याचाही आवाज आपोआप खाली आला. "अप्पा," तो कुजबुजला, "मलाच धरायला लावलाव की हो."

तेवढ्यात अक्का पेटीवरून उठल्या. हंडा कलता करून तांब्याभर पाणी घेतलं, अप्पांनी थापलेल्या त्या ओल्या चुन्यापाशी गेल्या, आणि हातानं हबका मारला. एकदा, दोनदा. चुना पाणी प्यायला. मग त्यांनी पेटीची कडी काढली.

पुढं कौलं चढली, गिलावा झाला, आणि मोकळ्या झालेल्या वखारीच्या मधोमध तीन खोल्यांचं, देवळाएवढ्या उंच दाराचं घर उभं राहिलं. थोरल्यांचा नियम दुकानात तसाच चालू राहिला. काशिनाथ काही दिवस बापाशी बोलला नाही. नंतर त्याची बायको त्या घरात राहायला आली तेव्हा बोलायला लागला.

मी लातूर सोडलं ते नंतर. विष्णुपुरीच्या धरणावर पाट्या रंगवायचं काम निघालं होतं, म्हणून नांदेडला बिऱ्हाड हलवलं. निघायच्या दिवशी, नांदेडच्या एसटीला वेळ होता म्हणून, दुपारी अप्पांना सांगायला गेलो. ते वखारीत, आपल्या घराच्या बंद दारापुढं उभे होते. टोपी हातात.

"काय अप्पा, बाहेर का उभारलाव?"

"आतनं कडी लावती." त्यांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. "जेवन झालं की रोज लावती. मला बाहेर उभं करती."

त्यांनी टोपी घातली, नीट केली, पेरानं दारावर टकटक केलं आणि कान लावला.

आतून अक्कांचा आवाज आला, "कोन हाय?"

अप्पांनी माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला. "गिऱ्हाईक."

"काय न्हाई इकायचं!"

अप्पा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. दार उघडायची त्यांना घाई नव्हती. मला एसटी होती. वळणावर पोचलो तेव्हा मागून पुन्हा टकटक ऐकू आली, पुन्हा "कोन?" आलं, आणि ह्या वेळी ते काय म्हणाले ते मधूनच गेलेल्या वाळूच्या ट्रकनं मला ऐकू दिलं नाही. ट्रक गेला तेव्हा ते उंच दार उघडं होतं, आणि अप्पा चपला काढून, न वाकता आत चालले होते.